कालनिर्णयावरचे गोल

स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं कालनिर्णय हातात घेतलं, की त्या घराचा महिन्याचा हिशेब समोर येतो. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाला येणाऱ्या मावशींच्या सुट्ट्या. त्यातच कुठल्याशा तारखेभोवती पेनाने केलेला एक लहानसा गोल असतो. त्याच्याशेजारी एक अक्षरही नसतं. तो पाळीचा गोल. आजीच्या काळी ‘कावळा शिवला’ म्हणत, आईच्या काळी ‘अडचण आली’ म्हणत. पाळीची ही मुकी नोंद आईचं पाहून मुलगी करू लागते.

लग्नानंतर याच गोलापासून दुसरी मोजणी सुरू होते. मूल इतक्यात नको असतं. गोळ्यांची भीती असते, तांबीबद्दल कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं, निरोधचा नवऱ्याला कंटाळा असतो. मग एखादी जाऊ किंवा मैत्रीण हळूच सांगते, ‘पाळी गेल्यावरचे सात दिवस आणि यायच्या आधीचे सात दिवस सेफ असतात.’

हा नियम आधी कागदावर तपासू. एका बाईची पाळी दर २६ दिवसांनी येते आणि पाच दिवस अंगावरून जातं. नियमाप्रमाणे तिचा सहाव्या ते बाराव्या दिवसाचा आठवडा निर्धास्त. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं, म्हणजे हिचं बाराव्या दिवसाच्या आसपास सुटणार. पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. तेव्हा तिला दिवस राहण्याची शक्यता सातव्या ते बाराव्या दिवसापर्यंत. तिला जो आठवडा ‘सेफ’ म्हणून सांगितला, त्यातला पहिला दिवस सोडला तर बाकी सगळे दिवस नेमके धोक्याचे निघाले. अशा किती जणी आपल्याला ‘हिशेब करूनही कसे दिवस गेले’ म्हणून स्वतःला दोष देत बसल्या असतील. चूक तिच्या हिशेबाची नव्हती, तिला दिलेल्या नियमाची होती.

म्हणूनच ‘नैसर्गिक पद्धत कितपत खात्रीची?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. कुठली पद्धत, ती कुणी शिकवली आणि धोक्याच्या दिवसांत घरात कुणाचा शब्द चालतो, एवढं कळल्याशिवाय कुठलाही आकडा फसवा आहे.

शरीराचा मामला तसा थोडक्यात सांगता येतो. सुटलेलं बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणूंचे पाच दिवस त्यात मिळवले की सहा दिवसांची खिडकी तयार होते. १९९५ साली अ‍ॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये, मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीचे नमुने तपासून ही खिडकी मोजली. गर्भ राहिला तो बीज सुटण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या पाच दिवसांतल्या संबंधांतूनच. पाच दिवस आधी शक्यता दहात एक, आणि बीज सुटण्याच्या दिवशी तिनात एक. त्यानंतर काही नाही.

सहाच दिवस सांभाळायचे तर अवघड काय? अवघड हे, की ती खिडकी बंद झाल्यावरच नेमकी कळते. ती उघडते कधी, याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. याच अभ्यासातली माहिती पुन्हा तपासून २००० साली विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पुस्तकांत छापलेल्या १० ते १७ या दिवसांत ज्यांची खिडकी पूर्णपणे बसते अशा स्त्रिया फक्त ३० टक्क्यांच्या आसपास आहेत. प्रवास, आजारपण, परीक्षा, घरातलं दुखणं, कशानेही बीज सुटणं पुढे जातं. घड्याळासारखी पाळी येणाऱ्या बाईचंसुद्धा.

माणसाने ही मोजणी फार पूर्वीपासून केली, पण चुकीच्या टोकाकडून. मनुस्मृतीत ऋतुकाळ धरला आहे तो पाळीच्या पहिल्या दिवसापासून सोळा रात्रींचा. युरोपातल्या एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी तर कुत्र्यांसारख्या प्राण्यांचं पाहून ठरवलं, की बाईचं बीज पाळीच्या सुमाराला सुटतं. म्हणून त्यांनी जोडप्यांना महिन्याच्या मधले दिवस सुरक्षित सांगितले. जेव्हा जपायला हवं, तेव्हाच सूट. हे कोडं सुटलं १९२० च्या दशकात. जपानच्या निगाता शहरातले डॉक्टर क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ साली मांडलं, की मागच्या पाळीपासून पुढे मोजू नका, पुढच्या पाळीपासून मागे मोजा. बीज त्याआधी १२ ते १६ दिवसांत सुटतं. ऑस्ट्रियाचे हर्मान क्नाउस स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. पुढे जगभर लोकांनी हे गर्भ टाळण्यासाठी वापरायला घेतलं, तेव्हा ओगिनोंचाच त्याला विरोध होता. अपयश फार येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. कॅथलिक चर्चने मात्र इतर साधनांना नकार देऊन एवढाच मार्ग मोकळा ठेवला. त्यामुळे गोव्यात आणि वसईत हा विषय अनेक जोडप्यांना धर्मगुरूंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकायला मिळाला.

आपल्याकडे या पद्धतीचा इतिहास वर्ध्यातून जातो. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या. साधनांना गांधीजींचा ठाम विरोध होता. पण पाळीच्या दिवसांचा हिशेब ठेवून संबंध टाळण्याची पद्धत त्यांना त्यातल्या त्यात कमी आक्षेपार्ह वाटली, कारण तिच्यात निदान काही दिवसांचा संयम होता. स्वातंत्र्यानंतर पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या राजकुमारी अमृत कौर, गांधीजींच्या निकटवर्ती. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने आणि अमेरिकेतले डॉ. अब्राहम स्टोन यांच्या सल्ल्याने पहिला प्रयोग झाला तो याच पद्धतीचा. म्हैसूर राज्यातलं रामनगरम आणि दिल्लीतली लोदी कॉलनी, अशी दोन ठिकाणं निवडली. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या: रोज एक मणी सरकवायचा, रंग बदलला की जपायचं. प्रयोग फसला. फार थोड्या जोडप्यांनी तो नेटाने चालवला, आणि दिवस जायचे ते जातच राहिले.

त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे यांनी तीन दशकं काय केलं होतं, ते इथे आठवायलाच हवं. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले सोसले, प्राध्यापकी गमावली. बाईच्या हातात तिचं साधन असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९५३ च्या ऑक्टोबरात ते गेले, तेव्हा देशाचं सरकार मण्यांच्या माळेवर विसंबून होतं. मला ही आपल्या आरोग्य-इतिहासातली मोठी हळहळ वाटते.

ती माळ पुढे परत आली, मात्र या वेळी नीट अभ्यास होऊन. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी ३२ मण्यांची माळ तयार केली. भारतात झारखंडसारख्या राज्यांत ती ‘माला चक्र’ नावाने वाटली गेली. ती हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. पहिला मणी लाल. पाळी आली त्या दिवशी रबराची कडी त्याच्यावर चढवायची. मग रोज एक मणी पुढे. सहा तपकिरी मणी, त्यानंतर बारा पांढरे, मग पुन्हा तेरा तपकिरी. पांढरे मणी अंधारात चमकतात, रात्री दिवा न लावता कळावं म्हणून. कडी पांढऱ्यावर असेल तर आठव्या ते एकोणिसाव्या दिवसांतला कुठला तरी दिवस आहे, संबंध टाळायचा किंवा निरोध वापरायचा. शेवटच्या तपकिरी मण्यांत एक मणी गडद आहे. कडी तिथे पोहोचण्याआधीच पाळी आली तर तुमचं चक्र या माळेसाठी लहान पडतं. सगळे मणी संपूनही पाळी आली नाही, तर ते मोठं. २६ ते ३२ दिवसांत पाळी येणाऱ्या बायकांसाठीच ही माळ आहे, आणि वर्षात दोनदा हे गणित मोडलं तर तिने दुसरं साधन घ्यावं.

२००२ साली बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपिन्समधल्या ४७८ स्त्रियांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. पांढऱ्या मण्यांचे दिवस कटाक्षाने पाळले तर वर्षभरात शंभरात पाच जणींना दिवस राहिले. प्रत्यक्षात सगळ्या मिळून, चुका धरून, बारा जणींना.

हे दोन आकडे या विषयात कायम सोबत येतात. एक नेमक्या वापराचा, दुसरा नेहमीच्या वापराचा. एक पद्धतीची ताकद सांगतो, दुसरा संसाराची. सोबतीला बाकीच्यांचे नेहमीच्या वापराचे आकडे ठेवू या, अमेरिकेतल्या पाहण्यांवरून काढलेले: काहीच न वापरता वर्षात शंभरात ८५, वीर्य बाहेर सोडण्याच्या पद्धतीत २०, निरोध १३, रोजची गोळी ७, आणि तांबी एकाहूनही कमी. दिवस ओळखण्याच्या पद्धतींचा पल्ला २ पासून २३ पर्यंत पसरलेला आहे. इतका फरक दुसऱ्या कुठल्याही गटात नाही, आणि ‘नैसर्गिक’ या एकाच शब्दाखाली हा सगळा फरक झाकला जातो.

२३ हा आकडा स्राव पाहण्याच्या पद्धतीचा. मेलबर्नमधल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने ती १९५० च्या दशकात घडवली. पाळीनंतर काही दिवस कोरडेपणा असतो. मग चिकट, दुधाळ स्राव जाणवू लागतो. बीज सुटायच्या सुमाराला तो बदलतो: अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा नितळ, बुळबुळीत, दोन बोटांत धरला तर तार येते. शुक्राणूंना जगवणारा तो हाच. ओलसरपणा जाणवायला लागल्यापासून, अशा बुळबुळीत स्रावाचा शेवटचा दिवस उलटून पुढचे तीन दिवस होईपर्यंत, जपायचं. आपल्याकडे मुळातच ‘अंगावरून पांढरं जातं’ ही तक्रार घेऊन कितीतरी बायका येतात. जंतुसंसर्ग असेल तर दुर्गंधी, खाज, दह्यासारखा किंवा हिरवट स्राव असतो आणि ही खूण त्यात हरवून जाते. तो बरा झाल्याशिवाय या पद्धतीच्या वाटेला जाऊ नये.

या पद्धतीचा मोठा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेने पाच शहरांत केला: ऑकलंड, डब्लिन, मनिला, एल साल्वादोरमधलं सान मिगेल आणि आपलं बंगळूर. त्यातली माहिती १९९० साली जेम्स ट्रसेल आणि लॉरेन्स ग्रमर-स्ट्रॉन यांनी वेगळी करून तपासली, आणि जे निघालं ते या सबंध विषयाचं मर्म आहे. नियम तंतोतंत पाळणाऱ्यांत वर्षाला शंभरात ३.१. नियम मोडणाऱ्यांत ८६.४. म्हणजे काहीच न वापरल्यासारखं.

असं का व्हावं? निरोध एखाद्या रात्री वापरला नाही, तर ती रात्र सुरक्षित दिवसांतली निघू शकते. चूक पचून जाते. या पद्धतीत सुरक्षित दिवशी मोडायला नियमच नसतो. नियम आहे तो फक्त धोक्याच्या दिवसांसाठी. तो मोडला, म्हणजे नेमका बीज सुटण्याच्या तोंडावरच मोडला. इथे किरकोळ चूक अशी नसतेच.

तापमानाची तऱ्हा वेगळी. बीज सुटल्यावर शरीराचं तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं आणि पाळी येईपर्यंत चढलेलं राहतं. ते टिपायला सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी थर्मामीटर लावायचा, तोही रोज ठरल्या वेळी. पहाटे चारला नळाला पाणी येतं म्हणून उठणारी, रात्रपाळी करून घरी येणारी परिचारिका, रात्रभर तान्ह्याला घेऊन बसलेली आई, यांच्या आलेखातून काही वाचता येत नाही. शिवाय तापमान चढलं याचा अर्थ बीज सुटून गेलं. पुढचे दिवस मोकळे झाल्याची खात्री त्यातून मिळते, आधीच्या दिवसांची सूचना मिळत नाही.

म्हणून स्राव आणि तापमान या दोन्ही खुणा एकत्र पाहायच्या, आणि हीच या गटातली सर्वांत भक्कम पद्धत ठरली. जर्मनीत ९०० स्त्रियांच्या १७,६३८ पाळीचक्रांच्या नोंदी तपासून २००७ साली जे प्रसिद्ध झालं, त्यात नियम पाळून वर्षाला शंभरात ०.४ आणि सगळ्या मिळून १.८ जणींना दिवस राहिले. हा आकडा गोळीच्या बरोबरीला बसतो, आणि त्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. पण त्या बायका कोण होत्या ते पाहा: त्यांनी ही पद्धत स्वतः निवडली होती, प्रशिक्षित शिक्षिकेकडून शिकल्या होत्या, रोज लिहीत होत्या, आणि जोडीदार सोबत होता. हा आकडा त्यांचा आहे. कालनिर्णयावर गोल करून अंदाजाने चालणाऱ्या बाईने तो आपला समजू नये. २०१८ साली या विषयावरच्या ५३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा त्यातला एकही उच्च दर्जाच्या कसोटीला उतरला नाही. मध्यम दर्जाचे २१ निघाले.

आता मोबाइल अ‍ॅप आली आहेत. त्यातली बहुतेक पुढच्या पाळीची तारीख सांगण्यापुरतीच आहेत. त्यांच्या हिरव्या-गुलाबी दिवसांवर विसंबणं म्हणजे जुनाच अंदाज नव्या पडद्यावर पाहणं. स्वीडनमधलं तापमानावर चालणारं एक अ‍ॅप २०१८ साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्य झालं. तिथेही नेहमीच्या वापरात शंभरात सात ते आठ हा हिशेब आहेच.

बाळंतपणानंतरचं एक वाक्य मात्र घरोघरी अर्धंच पोहोचलं आहे: ‘पाजतेय तोवर काही होत नाही.’ पूर्ण वाक्य असं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, रात्रंदिवस फक्त अंगावरच्या दुधावर हवं, आणि पाळी परत आलेली नसावी. तिन्ही गोष्टी असतील तर संरक्षण ९८ टक्क्यांहून जास्त. वरचं दूध किंवा पेज सुरू झाली, की त्या दिवसापासून दुसरं साधन हवं, पाळी आली नसली तरी. कारण पहिलं बीज पहिल्या पाळीच्या आधीच सुटू शकतं.

आणि आता जे थर्मामीटरवर दिसत नाही ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ६६.७ टक्के विवाहित स्त्रिया कुठली ना कुठली पद्धत वापरत होत्या आणि आधुनिक साधनं ५६.५ टक्के. मधल्या दहा टक्क्यांत प्रामुख्याने दिवस मोजणाऱ्या आणि वीर्य बाहेर सोडण्यावर भिस्त ठेवणाऱ्या आहेत. त्याच पाहणीत विचारलं होतं, की इच्छा नसेल तर तुम्ही नवऱ्याला नाही म्हणू शकता का? ८२ टक्के स्त्रिया हो म्हणाल्या. गोव्यात सर्वाधिक, ९२ टक्के. उरलेल्या १८ टक्क्यांसाठी या प्रकरणातला एकही आकडा लागू नाही. महिन्यातले बारा-तेरा दिवस ‘आज नको’ किंवा ‘आज निरोध’ हे शब्द ज्या घरात ऐकले जात नाहीत, तिथे माळेतला पांढरा मणी चमकून उपयोग नाही. तिथे बाईला तिच्या एकटीच्या हातातलं साधन मिळालं पाहिजे: तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी. सरकारी दवाखान्यात ही सगळी विनामूल्य मिळतात.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या जोडप्याला पुढचं मूल जरा लवकर आलं तरी चालणार आहे, दोघांनाही शिकायची तयारी आहे आणि पाळी नियमित आहे, त्यांनी दोन खुणांची पद्धत जाणत्या माणसाकडून शिकून जरूर वापरावी. ती शरीराला कसलाही त्रास देत नाही, आणि स्वतःच्या शरीराची अशी ओळख झालेल्या बायका त्याबद्दल मनापासून समाधानाने बोलतात. पण जिला हृदयविकार आहे, जिचं नुकतंच सिझेरियन झालं आहे, जिची पाळी पीसीओएसमुळे दोन-दोन महिने येत नाही, जी चाळिशीपुढे आहे आणि चक्र विस्कटलं आहे, तिने यावर विसंबू नये. गुप्तरोगांपासूनही ही पद्धत वाचवत नाही.

धोक्याच्या दिवशी चूक झालीच तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पाळीची तारीख उलटली तर आशाताईंकडे ‘निश्चय’ चाचणी किट मिळतं. आणि दिवस राहिलेच असतील, नको असतील, तर साधन किंवा पद्धत अयशस्वी ठरणं हे गर्भपाताचं कायदेशीर कारण आहे, विवाहित-अविवाहित दोघींसाठी. २० आठवड्यांपर्यंत त्याला एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. बाई सज्ञान असेल तर संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची सही लागत नाही.